डाएटिशियनची नऊ हजारांची पावती विम्यात का बसली नाही?

पत्र

नमस्कार. मी सांगलीत राहते, शाळेत शिक्षिका आहे. यजमान ५१ वर्षांचे, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांबरोबर चहा आणि संध्याकाळी भडंग, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. सहा वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. या वेळी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४ आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळ्या वाढवण्याआधी एखाद्या डाएटिशियनला भेटा. घराजवळच्या क्लिनिकमध्ये तीन महिन्यांचं ९,००० रुपयांचं पॅकेज घेतलं. त्यात प्रोटीन पावडरचे दोन डबेही आले.

आमची दहा लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एक) पॉलिसी सात वर्षं चालू आहे. दोन वर्षांपूर्वी एजंटनी ओपीडीचा रायडर, म्हणजे भरती न होता झालेल्या खर्चासाठीची जादा जोड, घ्यायला लावला, 'आता सगळं कव्हर झालं' म्हणाले. त्याचे वर्षाला ३,६०० रुपये जादा भरतो, मर्यादा ५,००० ची आहे. डाएटिशियनचे ९,०००, डॉक्टरांच्या दोन भेटींचे १,६०० आणि तपासण्यांचे १,४५० असा १२,०५० रुपयांचा क्लेम टाकला. सगळाच नामंजूर! आता क्लिनिकमधली मुलगी म्हणते, पावती डॉक्टरांच्या नावाने करून देते. एजंट म्हणतात, पुढच्या वेळी शुगर कंट्रोलसाठी म्हणून एक दिवस ॲडमिट करू, बघा कसं पास होतं. माझ्या नणंदेच्या सासऱ्यांना न्यू जर्सीत डाएटिशियन विम्यातून फुकट मिळते. मग आपल्याकडेच असं का? पॉलिसी बदलावी का? मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो सोडून दे. कागदांचे फोटो जोडले आहेत.

– एक शिक्षिका, सांगली

उत्तर

ताई, आधी निकाल सांगते, मग कारणं. पावती डॉक्टरांच्या नावाने करून घेऊ नका. नऊ हजारांची आशा सोडा. पण उरलेले ३,०५० रुपये तुमचे आहेत. ते कंपनीने विनाकारण अडवलेत, तेवढे मात्र मुलाचं न ऐकता मागून घ्या.

फोटो नीट पाठवलेत हे बरं केलंत, कारण सगळी गोष्ट त्या एका पावतीत आहे. वर ठळक अक्षरात 'वेट मॅनेजमेंट प्रोग्रॅम – ३ महिने'. समोर एकच आकडा, ९,०००. खाली बारीक अक्षरात 'डाएट कन्सल्टेशन, फॉलो-अप, प्रोटीन सप्लिमेंट २ नग'. यजमानांचं नाव आहे, पण मधुमेहाचा उल्लेख कुठेच नाही. सही करणाऱ्या बाईंच्या नावाआधी 'डीटी.' आहे, नावापुढे पदवी नाही, नोंदणी क्रमांक नाही. क्लेमच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. अशी पावती समोर आली की तपासणाऱ्याला नकाराची कारणं शोधावी लागत नाहीत, ती पावतीवरच छापलेली असतात.

कंपनीच्या पत्रात तीन कारणं दिली आहेत. पहिलं, एक्सक्लूजन कोड ०६. भारतातल्या आरोग्य विम्यातली काही अपवादांची कलमं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये एकसारखी करून दिली. कंपनी कुठलीही असो, या कलमाचा क्रमांक आणि मजकूर साधारण तोच. ०६ क्रमांक लठ्ठपणा आणि वजन कमी करण्याच्या उपचारांचा. त्यात सूट आहे ती फक्त शस्त्रक्रियेला, आणि तीही कडक अटींवर: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त हवा, किंवा किमान ३५ असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह असलं काही हवं, शिवाय वजन उतरवण्याचे साधे उपाय आधी करून थकलेले हवेत. म्हणजे साधे उपाय स्वतःच्या खिशातून करा, ते फसले तर ऑपरेशनला पैसे देऊ, असा हा उफराटा न्याय आहे. मला तो पटत नाही, पण छापील आहे. तुमच्या यजमानांना खरं तर वजनासाठी नाही, साखरेसाठी पाठवलं होतं. पावतीवर मात्र 'वेट' लिहिलं गेलं आणि कंपनीला कलम आयतं सापडलं.

दुसरं कारण कोड १४, म्हणजे व्हिटॅमिन, खनिजं, प्रोटीन वगैरे पूरक आहार, जो चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो. हॉस्पिटलात भरती असताना डॉक्टरांनी लिहून दिला असेल तरच त्याचे पैसे मिळतात. तुमचे डबे त्यात बसत नाहीत.

तिसरं कारण मुळावर घाव घालणारं आहे. पावती उत्तम असती, वर 'टाइप २ मधुमेह' लिहिलेलं असतं, डबे नसते, तरी बहुधा हेच उत्तर आलं असतं: सल्ला 'मेडिकल प्रॅक्टिशनर'चा नाही. पॉलिसीच्या सुरुवातीला व्याख्यांची पानं असतात, जी आपण सगळेच उलटून पुढे जातो. तिथे मेडिकल प्रॅक्टिशनर म्हणजे कोण ते स्पष्ट दिलंय: वैद्यकीय परिषदेकडे किंवा आयुर्वेद, होमिओपॅथीच्या परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्ती. डाएटिशियन त्यात येत नाही. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट या व्यवसायांना जागा मिळाली. पण पॉलिसीतली व्याख्या डॉक्टरांपाशीच थांबलेली आहे. तुमच्या रायडरमध्ये 'मेडिकल प्रॅक्टिशनरचा सल्ला, निदान चाचण्या आणि औषधे, वर्षाला एकूण ५,००० पर्यंत' असे शब्द आहेत. एजंटना त्यात 'सगळं कव्हर' दिसलं. कोणी असं म्हणालं की ते कुठल्या पानावर आहे ते दाखवायला सांगावं, आणि 'हे मेलवर लिहून पाठवाल का' असंही विचारावं. मेल येत नाही असा माझा अनुभव आहे.

आता त्या मुलीच्या पावतीबद्दल. ती वाईट नाही, गिऱ्हाइकाची सोय बघतेय. पण ती देऊ करते आहे ते खोटं बिल आहे, आणि त्याची जोखीम तिच्यावर नाही, तुमच्यावर येते. तुमच्या पॉलिसीची खरी किंमत तुम्हाला कोणी सांगितली नसावी, म्हणून सांगते. सलग पाच वर्षं, म्हणजे ६० महिने, पॉलिसी चालली की मोरॅटोरियम संपतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती पाचवर आली. त्यानंतर 'अर्ज भरताना तुम्ही अमुक आजार लपवला होता' म्हणून कंपनीला क्लेम अडवता येत नाही. तुमची सात वर्षं झाली, शिवाय यजमानांचा मधुमेह पॉलिसी घेतल्यानंतर निघालेला. ५१ वर्षांच्या मधुमेही माणसाकडे असलेली ही दहा लाखांची, प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारांचे पैसे मिळण्याआधी थांबायची मुदत) संपलेली पॉलिसी आज नव्याने मागायला गेलात तर याच भावात मिळणार नाही, कदाचित मिळणारच नाही. या संरक्षणाला एकच मोठं भोक आहे: सिद्ध झालेली फसवणूक. ज्या डॉक्टरांनी तपासलंच नाही त्यांच्या नावाची पावती म्हणजे फसवणूकच. सापडली तर पॉलिसी रद्द होऊ शकते आणि भरलेला हप्ताही जातो. उद्या बायपासची वेळ आली तर चार-पाच लाखांचं बिल समोर असेल. पाच हजारांच्या मर्यादेतले पैसे काढायला एवढं पणाला लावायचं का?

इथे एक बारकावा आहे. तुमच्या डॉक्टरांच्याच दवाखान्यात आहारतज्ज्ञ बसत असतील, डॉक्टर तपासून त्यांच्याकडे पाठवत असतील आणि दवाखाना सगळ्याची मिळून एकच तपासणी फी घेत असेल, तर ती पावती खरी आहे आणि ती क्लेमला चालेल. बऱ्याच मधुमेहतज्ज्ञांकडे अशी सोय असते. पुढच्या भेटीत विचारून बघा.

एजंटांचा एक दिवस ॲडमिट करण्याचा सल्ला त्याच जातीचा, फक्त जास्त महाग. आपल्याकडचा आरोग्य विमा खाटेभोवती लिहिलेला आहे आणि किमान २४ तास भरती ही त्याची मूळ अट, हे त्यांना बरोबर माहीत आहे. पण नुसतं तपासण्या आणि निरीक्षणासाठी भरती झालं तर पैसे नाहीत, हेही त्याच कलमांच्या यादीत आहे, कोड ०४. साखर ४०० च्या घरात गेली, उलट्या होताहेत, डॉक्टर म्हणतात सलाइन लावून इन्शुलिन द्यायला हवं, तर ती भरती खरी. दुकान चालवून संध्याकाळी भडंग खाणाऱ्या माणसाला शुगर कंट्रोलच्या नावाने खाटेवर झोपवलं तर चार्टवरच्या नोंदीच खरं काय ते सांगतात. आणि नाकारलेल्या भरतीचं बिल नऊ हजारांवर थांबत नाही.

तर मग डाएटिशियनचा खर्च विम्यात येतो तरी कुठून?

सगळ्यात सरळ वाट हॉस्पिटलातून जाते. माणूस भरती असताना तिथली आहारतज्ज्ञ खाटेपाशी येते, काय खायचं ते लिहून देते. याचा खर्च उपचाराच्या खर्चातच धरायचा असतो. पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर किरकोळ बाबींच्या चार याद्या जोडलेल्या असतात. त्यातल्या चौथ्या यादीत, म्हणजे उपचारखर्चात सामावून घ्यायच्या बाबींमध्ये, 'न्यूट्रिशन प्लॅनिंग चार्जेस – डाएटिशियन चार्जेस – डाएट चार्जेस' असा सरळ उल्लेख असतो. त्याच यादीत ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही आहेत. आता गंमत बघा. हॉस्पिटलने बिलात 'डाएटिशियन व्हिजिट' अशी वेगळी ओळ टाकली की विमा कंपनी ती कापते, आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरचा माणूस म्हणतो, 'एवढे नॉन-मेडिकलचे भरा.' घाईत सगळे भरतात. कधी भरतीची वेळ आलीच तर बिल पक्कं होण्याआधी बिलिंगमध्ये जाऊन ही यादी दाखवा आणि ती ओळ उपचाराच्या पॅकेजमध्ये घ्यायला सांगा. प्रत्येक वेळी ऐकतील असं नाही, पण यादी हातात असलेल्या माणसाशी बोलण्याचा सूर बदलतो.

दुसरी वाट डिस्चार्जनंतरची. भरतीनंतरचा ठरावीक काळ, आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत ६० दिवस आणि इतर अनेक पॉलिसींत ९० दिवस, त्याच आजाराचा पुढचा खर्च मिळतो. इथे 'वैद्यकीय खर्च' याची जी व्याख्या आहे ती थोडी ऐसपैस आहे: डॉक्टरांच्या सल्ल्यावरून आजाराच्या उपचारासाठी झालेला आवश्यक खर्च. म्हणून अँजिओप्लास्टीनंतर डिस्चार्ज कार्डावरच 'मधुमेह व हृदयविकारासाठी आहारतज्ज्ञाचा सल्ला, दर १५ दिवसांनी' असं डॉक्टरांनी लिहिलं असेल, तर त्या पावत्या जोडून मागायला जागा आहे. कंपनी नाही म्हणू शकते, पण त्या वेळी तुमच्या बाजूने बोलायला मुद्दा असतो. तुमच्या आत्ताच्या क्लेममध्ये तो नाही.

तिसरी वाट तुमच्या मुलाच्या खिशात असण्याची शक्यता आहे आणि त्याला पत्ताही नसेल. पुण्यातल्या अनेक कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीला ओपीडी किंवा 'वेलनेस' जोडलेलं असतं. ॲपवरून आहारतज्ज्ञाशी वर्षाला काही बोलणी मोफत, कधी आईवडिलांनाही. त्याने एचआरला दोन ओळींचा मेल टाकून विचारावं. हाच प्रश्न तुमच्या स्वतःच्या विमा कंपनीच्या ॲपलाही विचारा. २०२० पासून नियामकाने कंपन्यांना पॉलिसीसोबत अशा वेलनेस सोयी देण्याची चौकट घालून दिली आहे, आणि रोज चालल्याबद्दल गुण देऊन हप्त्यात सवलत देणाऱ्या पॉलिसीही आहेत. ॲपवरची आहारतज्ज्ञ बऱ्याचदा कोणालाही चालेल असा ओट्स-सॅलडचा तक्ता पाठवते. ज्वारीची भाकरी, आमटी आणि दुकानातला चहा यांत बसणारं काही सांगा, असं तिला ठणकावून सांगावं लागतं. फुकट आहे म्हणून पहिला तक्ता मुकाट्याने घेऊ नका.

न्यू जर्सीचं म्हणाल तर नणंदेच्या सासऱ्यांना मिळतंय ते बहुधा मेडिकेअरमधून, म्हणजे तिथल्या सरकारच्या ज्येष्ठांसाठीच्या विम्यातून. २००२ पासून त्यात मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारासाठी आहारोपचार आहे: पहिल्या वर्षी तीन तास, पुढे दर वर्षी दोन तास, रुग्णाला पदरचं काही न भरता. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र तिथेही लागते, आणि नुसतं वजन जास्त आहे म्हणून हे तास मिळत नाहीत. फरक एवढाच की तिथल्या कायद्याने नोंदणीकृत आहारतज्ज्ञाला स्वतःच्या नावाने बिल करायचा हक्क दिला. आपल्याकडे तो विम्याच्या कागदावर अजून उतरलेला नाही. तुमचा राग रास्त आहे. मधुमेहावर पाय कापायच्या ऑपरेशनला पैसे आहेत आणि तिथवर जाऊ नये म्हणून घेतलेल्या सल्ल्याला नाहीत, हे मलाही खुपतं. पण तुमच्या कंपनीने वेगळा अन्याय केलेला नाही, बाजारातल्या बहुतेक पॉलिसी अशाच आहेत.

म्हणून पॉलिसी बदलू नका. पोर्ट करता येते, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेता येते, त्यासाठी नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि प्रतीक्षाकाळाचं श्रेय सोबत नेता येतं, हे सगळं खरं. पण नवी कंपनी यजमानांचे कागद नव्याने तपासणार. ८.४ चा आकडा बघून ती हप्ता वाढवेल किंवा सरळ नको म्हणेल. डाएटिशियनच्या बिलासाठी घर बदलण्याइतकं ते मोठं कारण नाही.

विचार करायचा तो रायडरचा. ओपीडीचा रायडर म्हणजे भिशी आहे: ३,६०० भरायचे आणि ५,००० पर्यंत परत घ्यायचे. हॉस्पिटलच्या विम्यात अनपेक्षित मोठा खर्च कंपनी उचलते, इथे तसं काही नाही. वर्षअखेर तुम्ही किती मागितलं यावर फायदा-तोटा ठरतो. तुम्ही नुसते ३,०५० मागितलेत, म्हणजे ते मिळूनही साडेपाचशे रुपयांनी आत आलात. पण रायडरच्या शब्दांत 'औषधे' आहेत आणि तुम्ही पाठवलेल्या कागदांत औषधांचं एकही बिल नाही! सहा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत ना? मेडिकलमधून दर महिन्याचं छापील बिल घ्या, रुग्णाचं नाव घालून, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. उरलेले १,९५० त्यातूनच भरून निघतील. पॉलिसीत ओपीडी क्लेम पाठवायची मुदत दिलेली असते, ती आजच बघा. जुनी बिलं मुदतीबाहेर गेली असतील तर या महिन्यापासून जमवा. एवढं करायचा कंटाळा असेल तर पुढच्या वर्षी रायडर काढून टाका, मूळ पॉलिसीला हात लावू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. नूतनीकरणाची नोटीस आली की तो खरंच वगळला आहे ना, तेवढं तपासा.

डाएटिशियनचं काय करायचं? यजमानांना गरज आहे, त्यामुळे 'विम्यात नाही तर नको' असं करू नका. पण पॅकेज पुन्हा घेऊ नका. भेटीगणिक पैसे घेणारी आहारतज्ज्ञ शोधा, जिची अन्नशास्त्र व पोषण यातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी आहे. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिलेल्यांच्या नावापुढे 'आरडी' असतं, ते असेल तर आणखी बरं. 'सर्टिफाइड कोच' वेगळे. तुमच्याकडे सांगलीचं सिव्हिल आहे, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केसपेपरच्या खिडकीवर आहारतज्ज्ञ कुठल्या वारी बसतात ते विचारा. रांग लागेल, पण तिथे तुमच्यासारखेच भाकरी-आमटी खाणारे शेकडो मधुमेही येऊन गेलेले असतात आणि पावडर विकायचं कोणाला कारण नसतं.

जाण्याआधी आठवडाभराची वही लिहा. दुकानात दिवसाला किती कप चहा, त्यात साखर किती चमचे, भडंग मूठभर की वाटीभर, रात्री जेवण किती वाजता. घरी तुम्हाला दिसतं ते जेवण आणि दुकानात होतं ते खाणं यात अंतर असणार. दुकानातल्या नोंदी त्यांनीच ठेवाव्यात, तुम्ही विचारून लिहू नका, नाहीतर भांडण व्हायचं. सामान्य माहितीसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, ती मोफत वाचायला मिळतात. त्यांच्या दिवसभराच्या ताटात, २,००० कॅलरीच्या हिशेबाने, धान्यं २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. आपल्या घरात हे प्रमाण उलटं असतं, हे वही लिहिताना लक्षात येईल. तेवढी उजळणी घरी झाली की आहारतज्ज्ञाची फी 'भात कमी करा' ऐकण्यात जात नाही, यजमानांच्या गोळ्यांच्या वेळा आणि चहा यांचा मेळ बसवण्यात जाते.

प्रोटीनचे डबे फोडले नसतील तर परत करा आणि पैसे मागा. एक फोडला असेल तर तो बाजूला ठेवून मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा. सहा वर्षांच्या मधुमेहात क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडाच्या तपासण्या) तपासल्याशिवाय जादा प्रोटीन सुरू करणं मला तरी बरं वाटत नाही, आणि ती दोन्ही नावं तुमच्या तपासण्यांच्या रिपोर्टवर नाहीत.

आता ते ३,०५०. कंपनीच्या तक्रार कक्षाला मेल करा, एजंटामार्फत नको. क्लेम नंबर घाला आणि थोडक्यात लिहा: 'डाएट पॅकेजच्या ९,००० रुपयांबाबत आपण दिलेली कारणं समजली, ती रक्कम मी सोडते. परंतु नोंदणीकृत डॉक्टरांच्या दोन भेटींचे १,६०० आणि त्यांनी लिहून दिलेल्या तपासण्यांचे १,४५० रुपये ओपीडी रायडरमध्ये स्पष्टपणे येतात. ते नाकारताना आपण एकही कलम दिलेलं नाही. कृपया हा भाग वेगळा करून मंजूर करावा.' यातली 'एकही कलम दिलेलं नाही' ही ओळ महत्त्वाची. क्लेम नाकारताना पॉलिसीच्या कुठल्या अटीखाली नाकारला ते लिहून देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि तुमच्या पत्रातली तिन्ही कारणं फक्त डाएटच्या पावतीला लागू होतात. एकाच फॉर्मवर सगळं भरल्यामुळे कोणीतरी वरची पावती बघून अख्खी फाइल बंद केली, असं मला वाटतं. बरेचदा दुसऱ्या नजरेत हे सुटतं.

दोन आठवड्यांत काही झालं नाही तर नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५२५५ वर फोन करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी, आहेत. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभरात जावं लागतं. नऊ हजारांसाठी मात्र लोकपालांकडे जाऊ नका, व्याख्या तुमच्या विरुद्ध इतकी स्पष्ट आहे की फेरा फुकट जाईल. 'डाएटिशियनही कव्हर आहे' असं एजंटांनी व्हॉट्सॲपवर कुठे लिहिलेलं सापडलं तर गोष्ट वेगळी. ते मेसेज पुसण्याआधी एकदा वरपर्यंत चाळून बघा.

मूळ पावत्या परत मागवून घ्या, पुन्हा पाठवताना सगळ्यांचे फोटो काढून ठेवा, आणि शाखेत हाताने दिल्यात तर कॉपीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.